गावाच्या वाट्याची काडी

एका मुलीची शाळा माझ्यामुळे सुटली. मी तिचा मास्तर होतो. मी तिला शाळेतून काढलं नाही, तिच्यावर हात उगारला नाही, नापासही केलं नाही. मी फक्त एक नियम केला, आणि तिची आई विचारायला आली तेव्हा तो नियम सरकारचा आहे असं सांगितलं. ते खोटं होतं. नियम माझा होता. शाळेत दूध प्यायचं असेल तर प्रत्येकानं घरून येताना सरपणाची एक काडी आणायची, एवढाच तो नियम.

आणखी वाईट म्हणजे पुष्कळ वर्षं मी ही गोष्ट माझ्या कर्तबगारीची म्हणून सांगत होतो. चार मास्तर जमले की मी सांगायचो, आमच्या गावात कसा लोकांचा सहभाग मिळवला. त्या मुलीचा भाग मी गाळत असे.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. जिल्हा परिषदा नव्या निघाल्या होत्या आणि शाळा त्यांच्याकडे आल्या होत्या. माझं घर मेहकरकडचं, भाजीच्या मळ्याचं. नोकरी लागली ती पिंपळगाव राजाच्या पुढं, बैलगाडीच्या वाटेवरच्या एका गावात. एकशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी एकाच खोलीत, आणि त्या सगळ्यांना मी एकटा. तरुण होतो. देश उभा राहतोय आणि त्यात आपलाही हात लागतोय, असं मला खरोखर वाटायचं. आज ते सांगताना ओशाळल्यासारखं होतं, पण वाटायचं हे खरं.

एकदा पंचायत समितीत सगळ्या मास्तरांची बैठक झाली. शाळा बघणारे विस्तार अधिकारी फळ्यापाशी उभे होते. पोरांना शाळेत दूध द्यायची योजना आली होती. त्यांनी फळ्यावर एक मोठा चौकोन काढला, त्याचे चार भाग केले आणि एकेका भागावर खडू टेकवत सांगू लागले.

"भुकटी केंद्राची. ती परदेशातून येते, दिल्लीवाले आपल्याला देतात. खामगावपर्यंत रेल्वेनं आणायचा खर्च राज्याचा. तिथून शाळेपर्यंत पोचवणं, भांडी, पेले, हे जिल्हा परिषदेचं. आणि दूध तापवायला सरपण गावाचं. गावाचा हात लागल्याशिवाय योजना गावाची होत नाही. तेव्हा हा चौथा वाटा प्रत्येक मास्तरनं गावाकडून घ्यायचाच. तो नसेल तर भुकटी परत जाईल."

मागच्या रांगेतून एक म्हातारे मास्तर म्हणाले, "साहेब, अन् मास्तरचा वाटा कोन्ता?"

"तुमचा वाटा उत्साह."

"तो त् पयल्या तारखेले येते अन् चार दिवसात सरते, साहेब."

सगळे हसले, साहेबही हसले. मी हसलो नाही. मला तो चौकोन फार आवडला होता. दिल्लीपासून आमच्या शाळेच्या चुलीपर्यंत सगळ्यांनी मिळून एक पेला दूध धरलंय, असं काहीसं चित्र माझ्या डोक्यात बसलं. गावी परतताना बसमध्ये शेजारच्या माणसाला मी ते समजावून सांगितलं. तो बिचारा झोपून गेला.

भुकटीची पोती आली, दूध तापवायचा मोठा गंज आला, ॲल्युमिनियमचे पेले आले. आता सरपण. मी सरपंचांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि गावाचा वाटा समजावला.

सरपंच सुपारी कातरत ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "काऊन गुर्जी, दिल्लीवाल्याले साता समुद्रापारची भुकटी आनता येते, मंग दोन गाड्या लाकडं धाडता येत नाही का?"

"तो गावाचा वाटा आहे. ग्रामपंचायतीनं द्यायचा आहे."

"पंचायत म्हंजे कोन? मीच ना? घरपट्टी कोनी भरत नाही. मांगाले गेलो त् म्हन्तेत, मते पाह्यजे का घरपट्टी पाह्यजे, येक काय ते सांगा." अडकित्ता खाली ठेवून ते माझ्याकडे बघून हसले. "तुमी शिकेल मानूस. तुमीच काढा काहीतरी तोड. आमी नाही म्हन्त नाही."

त्यांच्या गोठ्याच्या मागे पऱ्हाट्यांची, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची, गंजी रचलेली मला ओट्यावरून दिसत होती. वर्षभर पुरून उरेल एवढी. ती नुसती दाखवली असती तरी चाललं असतं. एक गाडी शाळेवर टाका, एवढंच म्हणायचं होतं. मला ते म्हणता आलं नाही. माझी राहायची खोली त्यांच्याच भाच्याच्या घरात होती. बदली, शेरा, गावचं पाणी, सगळं त्यांच्या हातात. मी चहा पिऊन उठलो.

वाटेत मला तोड सुचली. पोरं रोज शाळेत येतातच; प्रत्येकानं एकेक काडी आणली तर गावाचा वाटा आपोआप जमा होईल. पंचायतीला तोशीस नाही, कुणावर भार नाही. आमच्या मळ्यात सरपण कधी कुणी मोजलं नव्हतं. काडी ही काही मागायची किंवा द्यायची गोष्ट असते, हे मला ठाऊकच नव्हतं असं म्हणण्याचा मोह होतो. पण ते पूर्ण खरं नाही, आणि ते पुढं येईलच.

सुरुवातीला फार छान दिसायचं ते. सकाळी पोरं रांगेनं यायची, कुणाच्या काखेत तुराटी, कुणाच्या डोक्यावर गोवरी, कुणी बाभळीची फांदी ओढत आणायचं. शाळेच्या मागे तीन दगडांची चूल होती. मी ती पेटवायचो, चौथीची पोरं भुकटी कालवायची. धूर आणि त्या दुधाचा उग्र वास मिळून शाळाभर पसरायचा. विस्तार अधिकारी सायकलनं आले, सगळं पाहिलं, आणि पुढच्या बैठकीत मला उभं केलं. "या मास्तरांनी चौथा वाटा गावाकडून एक पैसाही न मागता घेतला. सगळ्यांनी असंच करा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोच म्हातारा मास्तर बाजूनं जाताना हळूच म्हणाला, "वा रे पठ्ठ्या. आता आमच्याही पोराइले मोळ्या वाहाव्या लागतीन." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

मग पाऊस लागला. पावसाळ्यात कोरडं सरपण मिळणं अवघड होतं आणि पोरं रिकाम्या हातानं यायला लागली. एक शेतकरी बाप शाळेच्या दारात येऊन म्हणाला, "आमच्या पोट्ट्याच्या काडीवर दुसऱ्याइचं दूध तापते का गुर्जी? कायदा त् साऱ्याइले सारखा पाह्यजे." त्याचं म्हणणं मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा मला त्याची भीती वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी नियम कडक केला. काडी नाही, तर दूध नाही. आणि वाटप होईपर्यंत त्या मुलानं बाजूला थांबायचं.

नाल्यापलीकडे एक वस्ती होती. नुकताच बौद्ध धर्म घेतलेली घरं. जवळजवळ सगळी मजुरी करणारी. धर्म घेतल्यावर त्यांनी गावकीची कामं सोडून दिली होती, मेलेली जनावरं ओढणं सोडलं होतं. त्याचा राग गावानं वेगळ्या तऱ्हेनं काढला. पूर्वी त्या बायांना शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, काटकी उचलू देत, पऱ्हाट्या उपटल्यावर एक भारा नेऊ देत. ते बंद झालं. कुणी धुऱ्यावर वाकली की ओरडून हाकलत. हे मला माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. नियम करताना मी ते मनात येऊ दिलं नाही, एवढंच.

त्या वस्तीतली एक मुलगी चौथीत होती. वाचायला लागली की पहिली-दुसरीची पोरंसुद्धा गोंगाट थांबवून ऐकायची. तिचा बाप नव्हता. आई निंदणाला, वेचणीला जायची. वर्षाच्या सुरुवातीला तिची आई शाळेच्या पायरीशी येऊन मला म्हणाली होती, "गुर्जी, चौथी झाली का तिले पिंपळगावच्या शाळेत टाकाची हाय. पायी जाईन ती. मी धाडीन. तुमी फकत परीक्षेपरेंत पाहा." त्या वस्तीत पोराला शाळेत न घालणं हे कमीपणाचं मानलं जाऊ लागलं होतं, आणि त्या बाईनं तर मुलीला शिकवायचंच असं मनाशी घेतलं होतं. मी म्हणालो होतो, काळजी करू नका.

नियम कडक झाला तशी ती मुलगी पहिले काही दिवस घरची काडी आणू लागली. मग काडी बारीक होत गेली. एक दिवस तिनं ओली फांदी आणली. मी ती बाजूला टाकली. "याचा नुसता धूर होतो. वाळलेली आण." त्यानंतर काही दिवस ती रिकामीच आली आणि बाजूला थांबली.

मग एके दिवशी तिनं एक तुराटी आणली. सरळ, लांब, खडखडीत वाळलेली. बाहेर झड लागलेली, आणि तिच्या हातात ती कोरडी काडी. दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्याही दिवशी. मी खूष झालो. वर्गासमोर ती काडी उंच धरून मी म्हणालो, "बघा. ज्याला आणायची असते तो आणतोच. शिका हिच्याकडून."

तुराटीच्या अंगाला एका बाजूनं वाळलेली शेणमाती चिकटलेली होती. ती माझ्या बोटांना लागली. मी हात झटकला. चुलीत घातली तेव्हा ती माती तडतडली, तेही मी ऐकलं. पण ती काडी कुठून आली असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्याकडे गरिबाचं घर कुडाचं असतं. तुराट्या उभ्या करून बांधायच्या आणि वरून शेणमातीनं लिंपायचं, झाली भिंत. ती मुलगी रोज सकाळी आपल्या घराच्या मागच्या भिंतीतून एकेक तुराटी ओढून काढत होती. आई पहाटेच कामाला गेलेली असायची. आतल्या बाजूला तिथं पोतं टांगलेलं होतं, म्हणून आईच्या लवकर लक्षात आलं नाही. वरचं लिंपण हळूहळू सुटत गेलं आणि झडीच्या पावसात एका दुपारी ती भिंत बसली. जवारीचं मडकं तिच्याखाली गेलं. पीठ चिखलात गेलं.

आई शाळेत आली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला होता. मुलगी तिच्यासोबत नव्हती. वर्ग चालू होता. ती पायरीवर उभी राहून म्हणाली, "गुर्जी, माह्या घराची भित तुमच्या चुलीत गेली."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. पोरं ऐकत होती. कुणीतरी खुदकन हसलं.

"येक इचारू का गुर्जी? हा काडीचा कायदा केला कोनं?"

उत्तर सरळ होतं. मी. त्याऐवजी मी घसा खाकरून म्हणालो, "वरूनच आहे, बाई. सरकारचा नियम आहे. माझ्या हातात काय आहे?"

"सरकारले मालूम हाय का, आमाले धुऱ्यावर कोनी वाकू देत नाही म्हनून?"

"सरकारला सगळ्यांचंच बघावं लागतं."

"हाव," ती म्हणाली. "सगळ्याइचं पाह्यता पाह्यता आमचंच तेवढं राहून जाते."

तिच्या बोलण्यात माझ्यावर राग नव्हता, आणि मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला जड जातंय. पण वाटलं. ती जाताना म्हणाली, "भित उभी कराची म्हंजे तुराट्या पाह्यजे. आता दोघीइले जा लागीन कामाले. पोरगी येनार नाही."

मी म्हणालो, "थोडे दिवस. मग पाठवा."

"पाहू," ती म्हणाली.

मुलगी आली नाही. मी एकदा तिला आणायला निघालो होतो. नाल्यापर्यंत गेलो. तिथून ती बसलेली भिंत दिसत होती, तिच्यावर पोती टाकलेली. तिथं जाऊन काय बोलायचं? नियम माझाच होता म्हणायचं, की सरकारनं तुम्हाला सूट दिली म्हणायचं? त्या दिवशी विस्तार अधिकारी शाळेला भेट देणार होते. ते कारण मी मनाशी धरलं आणि परत फिरलो. चौथीची परीक्षा झाली. ती बसली नाही. पुढच्या वर्षी भुकटी यायची बंद झाली. वरच्यांचे तिन्ही वाटे एकाच वेळी थांबले, आणि कुणी आम्हाला कळवलंही नाही. शाळेच्या मागे उरलेल्या काड्या भिजून कुजल्या.

नंतर माझी बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली. मी विभागीय परीक्षा देत गेलो आणि शेवटी स्वतःच विस्तार अधिकारी झालो. आता फळ्यापाशी मी उभा राहायचो.

असंच एकदा लहान मुलांना पोषक खाऊ शिजवून द्यायची योजना आली. मी मास्तरांना वाटे समजावत होतो. धान्य केंद्राचं, तेल-गूळ राज्याचा, शिजवणारीचं मानधन जिल्हा परिषदेचं. माझ्याही नकळत मी फळ्यावर चौकोन काढला होता. एका तरुण मास्तरनं विचारलं, "साहेब, इंधनाचं काय?"

मी उत्तर द्यायच्या आधीच त्याच्या शेजारचा दुसरा म्हणाला, "काय म्हंजे? पोट्टे आनतीन काडी. आपल्याकडे पद्धतच हाय ती. पयलेपासून."

पहिल्यापासून. त्या मास्तरला ठाऊक नव्हतं की ती पद्धत कुठून आली. मला ठाऊक होतं. खडू माझ्या हातात तसाच राहिला.

"नाही," मी म्हणालो. "पोरं काडी आणणार नाहीत. इंधन पंचायतीनं द्यायचं."

"पंचायत नाही देल्लं त्? तुमी आनून देसान का साहेब?"

खोली हसली. मी म्हणालो, "पंचायतीनं नाही दिलं तर मला सांगा. मी सरपंचाकडे जाईन. पण पोरांकडून एक काडीही घ्यायची नाही." आवाज चढला होता. साहेबाला आज काय झालं, असं मास्तरांना वाटलं असेल. त्यांना मी खरं कारण सांगितलं नाही. आधी जिथं सांगायला हवं होतं तिथं सांगितल्याशिवाय या खोलीत सांगणं म्हणजे पुन्हा टाळ्या घेणंच झालं असतं.

रविवारी मी त्या गावाला गेलो. आता तिथवर बस जाते. नाल्यावर फरशी पूल झालाय. त्या बाईचं घर विटांचं होतं. ती अंगणात काही काम करत नव्हती. नुसती उन्हाला पाठ देऊन बसली होती. खूप म्हातारी दिसत होती. मी ओळख दिली.

"अर्रे, गुर्जी!" तिनं डोक्यावर पदर घेतला. "साहेब झाले म्हन्तेत तुमी. बसा ना. पानी आनतो."

"मावशी, बसा. मला काही सांगायचंय. तुमची भिंत पडली होती, आठवतं?"

"भितीचं काय आता? तवा त् सरकारचा कायदाच तसा होता. तुमचा काय दोस त्याच्यात."

इतकी वर्षं ती माझं खोटं जपून होती. मी म्हणालो, "कायदा नव्हता, मावशी. सरकारनं असं काही सांगितलं नव्हतं. सरपण पंचायतीनं द्यायचं होतं. सरपंचाकडे मागायची मला हिंमत झाली नाही. काडीचा नियम मी काढला. आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

उन्हात शेजाऱ्याच्या कोंबड्या फिरत होत्या. मग ती म्हणाली, "कायदा नव्हता?"

"नव्हता."

"मंग मी तिले काऊन मारलं?" ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "भित पडली त्या दिवशी मी तिले त्याच तुराटीनं झोडपलं, गुर्जी. मोडेपर्यंत. म्हटलं, घर जाळतं का वं पोट्टे, सरकारच्या दुधापायी. ती येक शबुद बोलली नाही. मले वाटे कायदा हाय त् कोनाले काय बोलाचं. आपल्याच पोट्टीले बोलाचं."

मी हात जोडले. तिनं ते हातानंच खाली केले. रागानं नाही, अन् मायेनंही नाही.

"मले नका सांगू. तिले जाऊन सांगा. जळगावले देली हाय. जामोदच्या. बाजारात बसते माळवं घेऊन."

जळगाव जामोदला मी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीच गेलो. डोंगरातल्या लोकांची गर्दी होती. ती वांगी, मिरच्या आणि कोथिंबिरीच्या ढिगामागे पोत्यावर बसली होती. मी ओळखलं ते आवाजावरून. ती ओरडून भाव सांगत होती आणि अजून शब्द तसाच स्पष्ट उच्चारत होती.

"काय देऊ, भाऊ?"

"मी तुझा मास्तर," मी म्हणालो आणि गावाचं नाव सांगितलं.

तिनं समोरचं टोपलं बाजूला सरकवलं आणि पोत्याचा एक कोपरा मोकळा केला. "बसा गुर्जी. कपडे खराब होतीन, पन बसा."

मी बसलो. आईला सांगितलं तेच तिला सांगितलं. नियम माझा होता, सरकारचा नाही. आईशी मी खोटं बोललो. "तुझं दूध मी बंद केलं," मी म्हणालो. हे वाक्य मी बसमध्ये मनात घोकत आलो होतो.

ती हसली. "दूध? मले ते दूध आवडेच नाही, गुर्जी. त्याचा वास येये. पोटात ढवळे. तुमची नजर चुकवून मी ते वाळूत ओतून देओ."

"मग काडी कशाला आणत होतीस? भिंतीतून ओढून?"

"भितीकडे तोंड करून उभं राहा लागे म्हनून."

"मी बाजूला थांबवत होतो फक्त."

"बाजूले नाही. भितीकडे तोंड. पेले वाजेपर्यंत. अन् मांगून पोट्टे म्हनत, पाह्य बे, फुकटे उभे राह्यले." ती मिरच्यांवर पाणी शिंपडत बोलत होती. "मायले नाही सांगतलं मी हे कधी. मायले वाटे मी दुधाच्या लालचीनं भित काढली."

मला ते आठवत नव्हतं. खरोखर आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला तेव्हा शाळेच्या भिंतीवरचा निळा चुना आठवला, आणि त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या पाठमोऱ्या लहान डोक्यांची रांग. होती. मीच तसं सांगितलं होतं. दुसऱ्यांना दूध पिताना बघून वाईट वाटू नये म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला समजावलंही होतं.

एक गिऱ्हाईक केव्हाचं उभं होतं. "बाई, वांगे देतं का गप्पाच मारतं?"

"थांबा ना भाऊ, माह्ये गुर्जी आले," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, "बोला. तुमाले काय म्हनाचं होतं?"

बाजार चालू होता. माझ्या शेजारी ते गिऱ्हाईक उभंच होतं. मी त्याच्यादेखत बोललो, कारण पोरांच्यादेखत मी तिला उभं केलं होतं.

"गावानं द्यायचं सरपण गावाकडून मागायला मी भ्यालो आणि ते तुझ्याकडून घेतलं. तुला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि ते विसरूनसुद्धा गेलो. तू पिंपळगावच्या शाळेत जाणार होतीस, ती माझ्यामुळे गेली नाहीस. नाल्यापर्यंत येऊन मी परत फिरलो. तू घर जाळलं नाहीस. तुझी चूक नव्हती आणि तुझ्या आईचीही नव्हती, माझी होती. मी चुकलो, पोरी. मला माफ कर."